एक्सप्रेस एन्ट्रीचे सहा महिने: कॅनडाच्या पीआर सेवेचा रिव्ह्यू

कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, सहा महिन्यांत मिळतं, हे पुणे-मुंबईतल्या प्रत्येक व्हिसा कन्सल्टंटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. त्यात तथ्य आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, एक्सप्रेस एन्ट्री या कुशल कामगारांच्या ऑनलाइन पद्धतीतल्या अर्जांसाठी स्वतःला घालून दिलेली मुदत तेवढीच आहे: पूर्ण अर्ज हातात आल्यापासून ८० टक्के अर्जांचा निकाल सहा महिन्यांच्या आत. १ जानेवारी २०१५ ला ही पद्धत सुरू झाली. त्याआधी कागदी फायली वर्षानुवर्षं ढिगात पडून असायच्या आणि अर्जदाराचं वय, नोकरी, मुलांची संख्या सगळं बदलून गेल्यावर फाइल उघडली जायची. त्या तुलनेत ही सेवा फार पुढची आहे आणि आजही जगातल्या कायम वास्तव्याच्या अर्जपद्धतींमध्ये तिचा नंबर वरचा लागतो.

पण या वाक्यातले दोन शब्द पाटीवर गाळले जातात. एक म्हणजे ‘पूर्ण अर्ज’. घड्याळ सुरू होतं ते सगळी कागदपत्रं आणि फी भरून अर्ज सबमिट केल्याच्या दिवशी. प्रोफाइल, म्हणजे प्राथमिक ऑनलाइन नोंद, बनवलं तेव्हा नाही, अर्ज करण्याचं आमंत्रण आलं तेव्हाही नाही. दुसरा शब्द ‘८० टक्के’. उरलेल्या २० टक्क्यांना कुठलंच वचन दिलेलं नाही, आणि त्या २० टक्क्यांत कोण जाऊन बसतं हे बऱ्याच अंशी अर्ज भरणाऱ्याच्याच हातात असतं. म्हणून हा रिव्ह्यू आयआरसीसीच्या वेगाइतकाच आपल्या बाजूच्या तयारीबद्दल आहे.

आधी पात्रतेचं वास्तव

एक्सप्रेस एन्ट्री ही रांग नाही, स्पर्धा आहे. फेडरल स्किल्ड वर्कर, कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास (कॅनडात काम केलेल्यांसाठी) आणि स्किल्ड ट्रेड्स या तीन योजनांचे उमेदवार एकाच यादीत, म्हणजे पूलमध्ये, येतात. प्रत्येकाला १२०० पैकी सीआरएस, म्हणजे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांवरून क्रमवारी लावणारे, गुण मिळतात आणि ड्रॉमध्ये, म्हणजे वेळोवेळी होणाऱ्या निवडीत, वरचे लोक उचलले जातात. प्रोफाइल १२ महिने टिकतं. कॅनडातल्या एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन (शिफारस) मिळालं तर थेट ६०० गुण वाढतात, म्हणजे आमंत्रण जवळजवळ नक्की.

इथे स्पष्ट बोलणं गरजेचं आहे. एप्रिल २०२४ नंतर सर्वांसाठी खुले असे सर्वसाधारण ड्रॉ थांबले. २०२५ भर ड्रॉ झाले ते कॅनडात काम केलेल्यांसाठी, प्रांताच्या नॉमिनेशनवाल्यांसाठी आणि ठरावीक गटांसाठी: फ्रेंच बोलणारे, आरोग्यसेवा, शिक्षण, ट्रेड्स वगैरे. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासचा कटऑफ त्या वर्षात ५१० च्या खाली आला नाही. फ्रेंचचा मात्र मार्च २०२५ मध्ये ३७९ पर्यंत उतरला. नागपुरात किंवा नाशकात बसून, फक्त इंग्रजी आणि आयटीच्या अनुभवावर अर्ज करणाऱ्या माणसाला आज या सेवेचा वेग अनुभवायलाच मिळत नाही, कारण आमंत्रणापर्यंत गाडी पोचत नाही. जो कन्सल्टंट ही गोष्ट सांगत नाही आणि आधी फी मागतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

फ्रेंच शिकणं हा आज सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, आणि तो कष्टाचा आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही कौशल्यांत एनसीएलसी, म्हणजे फ्रेंचच्या कॅनेडियन मापदंडाची, ७ पातळी हवी. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा द्यावी लागते. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला हे दोन-तीन महिन्यांत जमेल असं सांगणाऱ्या क्लासवर विश्वास ठेवू नका. पण सीएलबी, म्हणजे इंग्रजीच्या तशाच मापदंडावर, ५ इतकं इंग्रजी सोबत असेल तर फ्रेंचचे ५० जादा गुण मिळतात आणि वेगळ्या गटात स्पर्धाही सोपी होते.

इंग्रजी परीक्षेतला अर्धा बँड

गुण कसे हलतात याचं एकच उदाहरण बारकाईने पाहू, कारण यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. आयईएलटीएस जनरलमध्ये सीएलबी ९ साठी लिसनिंगला ८.०, बाकी तिन्हींना प्रत्येकी ७.० लागतात. समजा एखादीला रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग तिन्हींत ७.० आणि लिसनिंगमध्ये ७.५ मिळाले. निकाल दिसायला उत्तम. पण लिसनिंग सीएलबी ८ वर अडकलं. अविवाहित अर्जदाराला त्या एका कौशल्याचे ३१ ऐवजी २३ गुण, म्हणजे आठ गेले. एवढ्यावर थांबत नाही. मास्टर्स पदवी आणि उत्तम भाषा यांच्या जोडीचे ५० गुण चारही कौशल्यांत सीएलबी ९ असेल तरच मिळतात, नाहीतर २५. कॅनडाबाहेरचा तीन वर्षांचा अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचंही तसंच, ५० चे २५. एकूण ५८ गुण अर्ध्या बँडपायी.

म्हणून आयईएलटीएस देण्याआधी सेलपिप आणि पीटीई कोर या इतर मान्य इंग्रजी परीक्षांचे सराव पेपर सोडवून बघा. पीटीई कोर ३० जानेवारी २०२४ पासून चालतं. संगणकावर टाइप करायची सवय असलेल्यांना रायटिंगमध्ये त्याचा फायदा होऊ शकतो. लक्षात ठेवा, नेहमीची पीटीई अकॅडेमिक किंवा आयईएलटीएस अकॅडेमिक चालत नाही. चुकीची परीक्षा बुक करणारे दरवर्षी निघतात. निकाल दोन वर्षं चालतो, आणि तो अर्ज सबमिट करायच्या दिवशी जिवंत असावा लागतो, फक्त आमंत्रणाच्या दिवशी नव्हे.

वयाचं गणितही क्रूर आहे. २० ते २९ वयाला एकट्या अर्जदाराचे ११० गुण, मग तिशीत दर वाढदिवसाला पाच-सहा कमी होत जातात, ४५ ला शून्य. आमंत्रण आल्यानंतर आणि सबमिट करायच्या आधी वाढदिवस आला तर त्याने घटलेले गुण धरत नाहीत, एवढी सूट आहे. बाकी कशामुळेही, म्हणजे लग्न झालं, भाषेचा निकाल संपला, गुण कटऑफच्या खाली गेले तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

मराठी नावाची गुंतागुंत

ही अडचण महाराष्ट्रातल्या अर्जदारांना खास आहे, आणि कॅनडातल्या अधिकाऱ्याला ती आपोआप कळत नाही. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. लग्नानंतर काहींनी आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं; काहींचं पहिलं नावही बदललं. मग डिग्री एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या, बँक खातं तिसऱ्या.

प्रोफाइलमध्ये नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः भरा, आणि जुनी नावं ‘इतर नावं’ या रकान्यात न चुकता लिहा. सोबत एक पानाचं स्पष्टीकरण द्या: कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे आणि का. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रात नावबदल छापला असेल तर त्याची प्रत, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. शैक्षणिक मूल्यांकनासाठी, म्हणजे आपली पदवी कॅनडातल्या कुठल्या पदवीच्या तोडीची हे ठरवण्यासाठी, कागद पाठवायच्या आधीच हे निस्तरलेलं बरं, कारण वेससारखी मूल्यांकन संस्था नावं न जुळल्यास तिथेच फाइल अडवून ठेवते.

जन्मदाखला किंवा विवाहाचा दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर लागतं. ते स्वतः किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही, कितीही उत्तम असलं तरी. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि ज्यावरून भाषांतर केलं त्या मूळ दाखल्याची प्रत, हे तिन्ही एकाच पीडीएफमध्ये द्या. महापालिकेकडून द्विभाषिक दाखला मिळत असेल तर तो घ्या, खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात.

शैक्षणिक मूल्यांकनाला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट निघायला. मूल्यांकन संस्थेला ती विद्यापीठाकडून थेट हवी असतात. परीक्षा विभागाचा अर्ज, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या प्रती, फी, मग पडताळणी, मग पाठवणी. मधली एखादी केटीची मार्कशीट हरवली असेल तर डुप्लिकेट काढण्यातच महिने जातात. मूल्यांकन पाच वर्षं चालतं, तेव्हा पीआरचा विचार नुसता डोक्यात आला तरी हे काम आधी सुरू करा. याला सहा महिन्यांच्या घड्याळात कुठेच मोजलेलं नाही.

आमंत्रणानंतरचे साठ दिवस

आमंत्रण आलं की ६० दिवस मिळतात. मुदतवाढ नाही. तयारी झाली नसेल तर आमंत्रण नाकारता येतं, मग प्रोफाइल पूलमध्ये परत जातं. नुसतं गप्प बसून मुदत जाऊ दिली तर प्रोफाइलही जातं आणि सगळं नव्याने भरावं लागतं. घाईघाईत अर्धवट अर्ज ढकलणं हा सगळ्यात वाईट पर्याय. एक जरी अनिवार्य कागद राहिला तरी पूर्णत्वाच्या तपासणीत अर्ज परत येतो. फी परत मिळते, पण तोवर आठवडे निघून जातात, ६० दिवस संपलेले असतात आणि पुढच्या ड्रॉचा कटऑफ तोच असेल याची खात्री नसते. सेवेचा हा भाग आम्हाला सगळ्यात कठोर वाटतो. एखादा कागद मागून घ्यायला दोन ओळींचा ईमेल पुरेसा असताना अख्खी फाइल परत करण्याने अर्जदाराचं वर्ष जाऊ शकतं.

पोलिस क्लिअरन्स आमंत्रणाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करा. गेल्या दहा वर्षांत, १८ वर्षांच्या वयानंतर, जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं ते लागतं. भारतातलं पासपोर्ट सेवा पोर्टलवरून निघतं, फी ५०० रुपये, मग केंद्रावर अपॉइंटमेंट. पासपोर्टवर सांगलीचा पत्ता आणि राहणं हिंजवडीत, असं असेल तर पडताळणी सध्याच्या पत्त्याच्या पोलिस ठाण्यातून होते. भाडेकरार, गॅस किंवा वीजबिल हाताशी ठेवा आणि ठाण्यात फाइल आली का याची चौकशी करत राहा. सध्या राहत असलेल्या देशाचं प्रमाणपत्र सबमिट करताना सहा महिन्यांपेक्षा जुनं नसावं. सोडलेल्या देशाचं मात्र तिथून शेवटचं निघाल्यानंतर काढलेलं असलं की पुरतं. आखाती देशांत राहून आलेल्यांना ते प्रमाणपत्र भारतातून काढायला बोटांचे ठसे, साक्षांकन असं बरंच करावं लागतं. अमेरिकेसाठी एफबीआयचा अहवाल. ६० दिवसांत नाहीच मिळालं तर अर्ज केल्याचा पुरावा आणि स्पष्टीकरणाचं पत्र त्या जागी अपलोड करता येतं. अधिकारी ते मानतीलच असं नाही, पण रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

वैद्यकीय तपासणीचा नियम बदलला आहे आणि जुन्या मार्गदर्शक लेखांत अजून जुनंच लिहिलेलं सापडतं. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एन्ट्रीत तपासणी अर्जाच्या आधीच करावी लागते. आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच, आणि कुटुंबातल्या प्रत्येकाची, सोबत येणार नसलेल्यांचीही. डॉक्टरकडून मिळालेला पुरावा अर्जात जोडायचा. तपासणी १२ महिने वैध असते. इथे एक नेमकी निवड करायची आहे. आमंत्रण येण्याच्या आशेवर आधीच तपासणी करून ठेवली तर मुदत वाया जाते, कारण पुढे मिळणाऱ्या पीआरच्या कागदाची मुदत साधारणपणे तपासणी किंवा पासपोर्ट, यांतलं जे आधी संपतं त्यावर बेतलेली असते. तो कागद वाढवून मिळत नाही. म्हणून आमंत्रणानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तपासणी करावी: एखादी जादा चाचणी निघाली तर वेळ उरतो आणि निकालानंतर कॅनडात पोचायलाही पुरेसे महिने हातात राहतात. पासपोर्टची दोन वर्षं तरी शिल्लक नसतील तर प्रोफाइल बनवायच्या आधीच नवा काढा.

अनुभवाचं पत्र

अर्ज नाकारले जाण्याचं आणि फाइल रेंगाळण्याचं मोठं कारण हेच आहे. आपल्याकडच्या एचआर विभागाचं ठरलेलं पत्र असतं: अमुक व्यक्ती या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्याकडे होती, वर्तणूक चांगली होती. कॅनडाला ते पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी, संपर्काच्या तपशिलासह त्यांना हवं असतं: धारण केलेली पदं आणि प्रत्येकाच्या तारखा, नेमकी कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि सुविधा. ‘फुल टाइम’ असं लिहून भागत नाही, तासांचा आकडा हवा. आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ, आणि एका वर्षाचे १५६० तास धरतात.

काम कुठल्या एनओसी, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणाच्या, कोडमध्ये बसतं ते पदनामावरून ठरत नाही. ‘टेक्निकल लीड’ पद असलेला माणूस २१२३१ (सॉफ्टवेअर इंजिनियर) मध्ये बसेल की २१२३२ (सॉफ्टवेअर डेव्हलपर) मध्ये, हे तो दिवसभर काय करतो त्यावरून ठरतं. कोडचं वर्णन आणि कामांची यादी वाचा, मग पत्रातली कामं स्वतःच्या शब्दांत, पण त्या यादीशी जुळतील अशी लिहून घ्या. यादी जशीच्या तशी उतरवलेली पत्रं अधिकाऱ्यांनी ढिगाने पाहिलेली असतात आणि त्यांचा संशय येतो.

कंपनीने धोरण म्हणून असं पत्र नाकारलं, आणि मोठ्या आयटी कंपन्यांत हे सर्रास होतं, तर मार्ग बंद होत नाही. एचआरचं साधं पत्र घ्या. कामं सांगणारं पत्र माजी मॅनेजरकडून प्रतिज्ञापत्राच्या रूपात घ्या, त्याचं कंपनीतलं पद सिद्ध करणारा कागद जोडा. सोबत ऑफर लेटर, बढतीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याची बँक स्टेटमेंट. शिवाय कंपनीने नकार दिल्याचा ईमेल. शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात, आणि तोच अधिकाऱ्याला सांगतो की पत्र का नाही.

पैसे, बँक आणि फी

फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत निधी दाखवावा लागतो. जुलै २०२५ च्या तक्त्यात एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, दोघांना १९,००१, तिघांना २३,३६०, चौघांना २८,३६२. आकडे दरवर्षी बदलतात. कुटुंबाची संख्या मोजताना सोबत न येणारा जोडीदार आणि मुलंही धरायची असतात, यावर बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो.

बँकेचं पत्र लेटरहेडवर हवं आणि त्यात खातेक्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्जं, क्रेडिट कार्डसुद्धा, हे सगळं हवं. शाखेत गेल्यावर हातात पडतं ते एका ओळीचं बॅलन्स सर्टिफिकेट. म्हणून मजकुराचा नमुना छापून घेऊन जा आणि शाखा व्यवस्थापकाशी बोला. घराची किंमत किंवा सोनं धरत नाहीत. कुलूपबंद पीपीएफवर भिस्त ठेवू नका. बचत खातं आणि मोडता येणारी एफडी हेच बरं. वडिलांनी अचानक दहा लाख टाकले असतील तर गिफ्ट डीड आणि त्यांच्या खात्यातून पैसे निघाल्याचं स्टेटमेंट जोडा. उसने आणलेले पैसे चालत नाहीत. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासमध्ये निधीची अट नाही, पण पोर्टल रकाना दाखवतंच. तिथे सूट असल्याचं पत्र अपलोड करायचं. हा दोष वर्षानुवर्षं तसाच आहे.

३० एप्रिल २०२४ ला ठरलेली फी अशी होती: प्रौढाला प्रक्रियेची ९५० आणि पीआर हक्काची ५७५, मिळून १,५२५ डॉलर, मुलाला २६०. बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) एकाला ८५, कुटुंबाला कमाल १७०. दर दोन वर्षांनी फी वाढते, त्यामुळे भरायच्या दिवशी आकडा तपासा. पीआर हक्काची फी अर्ज नाकारल्यास परत मिळते, प्रक्रियेची मिळत नाही.

आता या सेवेतली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जादा पैसे देऊन पुढे जायची सोय इथे नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याच्या अर्जाला १,००० पौंड जादा भरून ‘सुपर प्रायॉरिटी’ घेता येते. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या आय-१४० अर्जाला जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग आहे, पण भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डची रांग त्याने एक इंचही हलत नाही. कॅनडात सगळ्यांना एकच घड्याळ. त्यामुळे कुणी ‘फास्ट ट्रॅक फाइल’साठी वेगळे पैसे मागत असेल तर तो सरळसरळ खोटं बोलतोय. नोकरीच्या ऑफरचे ५० आणि २०० गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झाले, हेही चांगलं झालं. लाखो रुपये घेऊन ऑफर लेटर विकण्याचा धंदा त्या गुणांवरच चालत होता.

पैसे घेऊन प्रतिनिधी नेमायचा असेल तर तो कॅनडातला वकील, क्यूबेकचा नोटरी किंवा सीआयसीसी या नियामक संस्थेचा परवानाधारक कन्सल्टंट असायला हवा. परवाना क्रमांक त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत तपासता येतो. अर्जात ज्याचं नाव नाही असा एजंट मागून फॉर्म भरतो आणि खोटी माहिती घुसवतो तेव्हा बंदी अर्जदारावर येते, पाच वर्षांची.

सबमिट केल्यानंतर

अपलोडला प्रत्येक रकान्यात एकच फाइल, कमाल ४ एमबी. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, वाचता येईल इतक्या रिझोल्यूशनला करा, सगळी पानं एका पीडीएफमध्ये जोडा. दहा वर्षांच्या इतिहासात एक महिनाही रिकामा ठेवू नका. नोकरी नव्हती तर ‘बेरोजगार’ लिहा, घरी होतात तर तसं लिहा.

पोच लगेच येते. बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की ३० दिवसांत व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं. मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. मग पात्रता, वैद्यकीय आणि पार्श्वभूमी या तीन तपासण्या होतात. पहिल्या दोन कागदांवर ठरतात. तिसरी, विशेषतः सुरक्षा तपासणी, आयआरसीसीच्या बाहेरच्या यंत्रणांकडेही जाते आणि ८० टक्क्यांच्या बाहेर पडणाऱ्या बऱ्याच फायली इथेच थांबतात. अनेक देशांत वास्तव्य, सैन्यात किंवा पोलिसांत नोकरी, नावसाधर्म्य, या गोष्टी असतील तर सेवेचा तपशील तारखांसह आधीच लिहून द्या.

ट्रॅकर हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. त्यावर ‘प्रगतीत’ असा शेरा महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि त्यातून काहीच कळत नाही. वेबफॉर्मला येणारं उत्तर बहुतेक वेळा ठरीव मजकुराचं असतं. खरी माहिती हवी तर माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली जीसीएमएस, म्हणजे खात्याच्या संगणकातल्या आपल्या फाइलच्या, नोंदी मागवाव्या लागतात. सहा महिने उलटले आणि पार्श्वभूमी हललेली नाही, तेव्हाच त्या मागवा. त्याआधी मागवून हातात काही लागत नाही. फारच अवास्तव उशीर झाला तर फेडरल कोर्टात मँडेमसचा, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावणाऱ्या आदेशाचा, मार्ग आहे, पण तो वकिलाच्या सल्ल्यानेच.

मध्ये बाळ झालं, लग्न झालं, नोकरी किंवा पासपोर्ट बदलला तर वेबफॉर्मने लगेच कळवा. यामुळे प्रक्रिया लांबते हे खरं. पण न कळवलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला पुढे स्पॉन्सर करण्याचा हक्कच जातो, आणि या चुकीला दुरुस्ती जवळपास नाही. गुण वाढावेत म्हणून जोडीदाराला ‘सोबत येणार नाही’ असं दाखवायची टूम निघाली आहे. ती दोघं आधीच टोरोंटोत एका घरात राहत असतील तर अधिकारी खुलासा मागतो आणि फाइल बाजूला पडते.

कॅनडात पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर) असलेल्यांनी परमिट संपायच्या तारखेपासून उलटं मोजावं. ब्रिजिंग ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे निकाल येईपर्यंत काम चालू ठेवायच्या परवान्यासाठी, पीआरचा अर्ज पूर्णत्वाच्या तपासणीतून पास झालेला लागतो. परमिट संपायला दोन महिने असताना आमंत्रण आलं, तर ६० दिवस पुरे घेऊ नका. कागद तयार असतील तर दुसऱ्या आठवड्यात सबमिट करा.

वेग टिकेल का, हे खात्याच्या वार्षिक उद्दिष्टांवर ठरतं. १३ फेब्रुवारी २०२१ ला ७५ गुणांवर २७,३३२ जणांना एकदम बोलावलं, त्यात महामारी, आणि सहा महिन्यांचं वचन पार कोलमडलं; भारतातून अर्ज केलेले स्किल्ड वर्कर ताटकळत राहिले आणि सर्व योजनांचे ड्रॉ जुलै २०२२ मध्येच परत सुरू झाले. आता पीआरचं उद्दिष्टच कमी केलंय, २०२५ ला ३,९५,०००, २०२६ ला ३,८०,०००. जागा कमी तशी आमंत्रणं मोजून दिली जातात, त्यामुळे आमंत्रण मिळालेल्याचा अर्ज वेगाने हलतो आणि न मिळालेला पूलमध्येच थांबतो. प्रांताचं नॉमिनेशन एक्सप्रेस एन्ट्रीबाहेरच्या कागदी प्रवाहातून घेतलं तर सहा महिन्यांचं वचन लागूच नाही, तिथे वर्षाच्या वर धरून चला. प्रांताकडे अर्ज करताना प्रवाहाच्या नावात ‘एक्सप्रेस एन्ट्री’ आहे का, हे फी भरायच्या आधी बघून घ्या.